अजून दोन उन्हं

ताडपत्रीवर वाळत घातलेल्या बियांतून तो एक बी उचलायचा, समोरच्या दोन दातांत धरायचा आणि डोळे मिटून चावायचा. बारीक 'कट्' असा आवाज यायचा. तुम्हाआम्हाला तो आवाज दरवेळी सारखाच वाटला असता, त्याला मात्र त्यात किती ओल उरली आहे ते कळायचं. मग डोळे उघडून तो निकाल द्यायचा, "अजून दोन उन्हं पाह्यजे."

खेड्यात राहिला असाल तर असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल, ज्याच्याजवळ साऱ्या जगासाठी एकच माप असतं. याचं माप हे होतं. शेजारच्या गावच्या स्थळानं त्याच्या मुलीला मागणी घातली, मुलगा बघून आल्यावर याला विचारलं तर म्हणाला, पोरगा चांगला आहे, पण अजून दोन उन्हं पाहिजेत. आणि खरोखरच लग्न दोन उन्हाळे थांबवलं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालो तेव्हा सत्काराला अर्धा तास बोललो. खाली उतरलो तर कानाशी लागून म्हणाला, "मास्तर, बोलला चांगला, पण जरा ओलंच राह्यलं."

त्याचं नाव मी लिहीत नाही. त्याच्या घरी माणसं आहेत. गावाचंही लिहीत नाही, देऊळघाटच्या आसपास कुठेतरी समजा. आमची घरं लागून. त्याचा ओटा आणि माझा ओटा यांच्यामध्ये एक कडुनिंब आणि गुडघाभर कुंपण, तेही कोंबड्यांसाठी. मी आता शहात्तर वर्षांचा आहे. त्याच्या आजारपणाबद्दल आमच्या गावात एक गोष्ट सांगितली जाते. अकोल्याच्या एका लॅबनं त्याचा नमुना हरवला आणि म्हणून उशीर झाला, अशी ती गोष्ट. ती खोटी आहे. मला हे ठामपणे सांगता येतं, कारण ती मीच पसरवली.

त्याची दीड एकर जमीन होती. त्यात हिरव्या जाळीचं शेडनेट आणि शेडनेटमध्ये काकडी, मिरची, टमाटे. खाण्यासाठी नव्हे, बियाण्यासाठी. आमच्या भागात कितीतरी घरं कंपन्यांना असं बी तयार करून देतात. एका जातीच्या फुलातला नर चिमट्यानं काढायचा, दुसऱ्या जातीचा पराग बोटानं लावायचा, खूण म्हणून फुलाला दोरा बांधायचा. मग फळ, मग बी, मग वाळवण. आणि सगळं झाल्यावर वाट पाहणं. कंपनी त्यातलं मूठभर बी नमुना म्हणून नेते, आपल्या शेतात पेरून बघते आणि तीन-चार महिन्यांनी कळवते, पास की नापास.

हे तीन-चार महिने बाकीच्या शेतकऱ्यांना झोप नसायची. ते कंपनीच्या सुपरवायझरला फोन करकरून बेजार करायचे. हा एकदाही करायचा नाही. त्याचं म्हणणं, नमुना नीट गेला असला की निकाल नीटच येतो, मग मधे चिंता करून काय होणार. त्याची सगळी चिंता नमुना देण्याआधीची. त्या दिवशी तो घरात कुणाला मोठ्यानं बोलूही देत नसे. हात कोरड्या फडक्यानं तीनदा पुसायचा. कापडी पिशवी आदल्या दिवशी उन्हात तापवून ठेवलेली असायची. एकदा मी हापशावर पाणी पिऊन तसाच त्याच्या ओट्यावर गेलो आणि बोलता बोलता नमुन्याच्या परातीत हात घातला. त्यानं ती अख्खी परात कोंबड्यांपुढे ओतली. मी ओशाळलो. तो म्हणाला, "पाणी लागलं मास्तर. आता ते काही खरं सांगत नाही."

हे वाक्य मी ऐकलेलं होतं. ते त्यानं मला, माझ्या तोंडावर सांगितलेलं होतं. पुढचं वाचताना तुम्ही हे लक्षात ठेवा.

एका होळीनंतर माझ्या लक्षात आलं की तो भाकरीचा लहान लहान तुकडा मोडतो आणि अर्ध्याहून जास्त कुत्र्याला टाकतो. मी कुंपणापलीकडून हटकलं, काऊन बे, जेवण कमी केलं का? तो म्हणाला, घास अटकते. कुठे अटकतो विचारलं तर छातीच्या हाडाच्या खाली बोट ठेवलं. मग महिनाभर भाकरी दुधात कुस्करून झाली. नंतर नुसतं दूध-भात. पँट कमरेवर दोरीनं बांधायला लागला तेव्हा वहिनींनी, म्हणजे त्याच्या बायकोनं, मला बोलावून घेतलं आणि आम्ही त्याला बुलढाण्याला एका डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टरांनी घशातून दुर्बीण घातली. मी बाहेर बाकावर होतो. आतून येणारे आवाज ऐकून वहिनी दोन वेळा उभ्या राहिल्या आणि दोन वेळा बसल्या. तो बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते आणि सदऱ्याचा पुढचा भाग ओला होता. बैलाला बांबूच्या नळकांड्यानं औषध पाजतात तसं त्याला धरून ठेवलं होतं, असं त्यानं सांगितलं. "एक डाव झालं. पुन्हा मी हे करू देत नाही. आता जे निघंन ते निघंन."

डॉक्टर म्हणाले, अन्ननलिकेच्या खालच्या टोकाशी गाठ आहे. कशाची आहे, ते नुसतं बघून सांगता येत नाही. चार-पाच तुकडे घेतले आहेत, तपासून आल्यावर कळेल. वहिनींनी विचारलं, म्हणजे काय? त्यांनी तेच पुन्हा सांगितलं. वहिनींनी पुन्हा विचारलं.

तुकड्यांची डबी अकोल्याला पोचवायची होती. त्याचा मुलगा पुण्याला नोकरीला, मुलगी सासरी. मी म्हणालो, माझी पोरगी अकोल्यालाच आहे, मी जातो. लॅबच्या कागदावर फोन नंबरही माझाच लिहिला, कारण त्याला फोनवरचं नीट ऐकू येत नसे. डॉक्टरांनी मला चार गोष्टी सांगितल्या. डबी उघडायची नाही. आतलं औषध सांडू द्यायचं नाही. उद्या शनिवार आहे, लॅब दोनला बंद होते, तेव्हा सकाळच्या गाडीनं थेट अकोल्याला जायचं. रविवार मधे येऊ द्यायचा नाही. मी शिक्षक माणूस, मी मान हलवली.

निघताना वहिनींनी माझ्याजवळ एक नारळ दिला. शेगावला महाराजांपुढे ठेवा म्हणाल्या, येताना. येताना, हा शब्द त्यांनी स्पष्ट म्हटला होता. त्यांचा यात काहीही दोष नाही.

मी खामगावला उतरलो तेव्हा साडेसात वाजले होते. अकोल्याची गाडी समोर उभी होती. मी शेगावच्या गाडीत बसलो. मला वाटलं, आधी महाराजांच्या कानावर घालावं आणि मग डबी द्यावी, म्हणजे निकाल चांगला येईल. नमुना दिल्यावर दर्शनाला जाऊन काय उपयोग. आता हे लिहिताना मला लाज वाटते, पण त्या वेळी मला तो विचार फार शहाणपणाचा वाटला होता. गाडी सुटण्याआधी सीटवर बसून मी डबी उघडूनही पाहिली. का ते विचारू नका. ज्या वस्तूवर एका माणसाचं सगळं अवलंबून आहे ती दिसते तरी कशी, एवढंच. पाण्यासारख्या औषधात पांढरट कण होते, ज्वारीच्या कणीएवढे. मी झाकण लावलं. माझी बोटं सांध्यात धरतात, झाकण पुरतं बसलं नसावं.

शनिवारची रांग मोठी होती. दोन तास गेले. रांगेत पुढच्या बाईनं नाकाला पदर लावला आणि माझेही डोळे चुरचुरायला लागले तेव्हा मी पिशवीत हात घातला. पिशवी ओली होती. डबीत औषधाचा थेंब नव्हता, कण झाकणाला चिकटले होते.

तिथून मी डॉक्टरांना फोन करायला हवा होता. केला नाही. न उघडायची डबी उघडली हे सांगावं लागलं असतं. नारळ ठेवून मी बाहेर आलो, एका बाजूला बसलो आणि विचार केला. बी कोरडं ठेवायचं असतं, पण हे तर मांस आहे, ते ओलं होतं आणि ओलंच राहिलं पाहिजे. त्याच्यासाठी तीर्थाची छोटी बाटली भरून घेतलेली होती माझ्याजवळ. ती मी डबीत ओतली. काठोकाठ ओतली. ओतताना मी हात जोडले आणि माझं मन एकदम हलकं झालं. याहून चांगलं काय असणार, असं मला वाटलं.

मग स्टेशनवर गाडीला वेळ होता म्हणून मी कचोरी खाल्ली. दोन खाल्ल्या. हेही लिहून टाकतो.

अकोल्याला पोचलो तेव्हा लॅबला कुलूप होतं. दुसऱ्या दिवशी रविवार. डबी मी मुलीच्या घरी देवघरात ठेवली. मे महिन्यातलं अकोला ज्यांनी पाहिलं आहे त्यांना सांगायला नको. सोमवारी सकाळी मी ती लॅबमध्ये दिली, पावती घेतली आणि गावी येऊन त्याला सांगितलं, पोचवली. त्यानं विचारलं, नीट गेली का? मी म्हणालो, एकदम नीट.

"मंग झालं," तो म्हणाला आणि त्या दिवशी दोन वाट्या खीर प्यायला.

आठव्या दिवशी फोन आला. आम्ही दोघं त्याच्याच ओट्यावर बसलो होतो. नंबर बघून मी उठलो आणि कडुनिंबाच्या पलीकडे गेलो. तिकडून एक मुलगी बोलत होती. नमुना कुजला आहे, त्यावरून काहीही सांगता येणार नाही, कृपा करून नवीन पाठवा, तशी चिठ्ठी करून ठेवली आहे, घेऊन जा. तिनं विचारलं, औषधात ठेवला होता ना? मी हो म्हणालो.

वळलो तर तो माझ्याकडेच बघत होता. बियांकडे बघायचा तसा, मान जरा तिरपी करून. कोणाचा फोन, त्यानं विचारलं. मी म्हणालो, पोरीचा, नातवाला ताप आहे.

हे आणखी एक खोटं. त्यानं लगेच वहिनींना हाक मारून नातवासाठी कसलासा काढा विचारला. मी उद्या सांगू म्हटलं. उद्याचं परवा झालं. सांगायचं म्हणजे पुन्हा दुर्बीण आली, आणि पुन्हा करू देणार नाही हे तो माझ्यासमोर बोलला होता. मी स्वतःला समजावलं की मी त्याला त्रासापासून वाचवतो आहे. ही सबब होती. खरं कारण असं होतं की शेकडो पोरांना निरोगी सवयी शिकवलेला, गावाचे सगळे कागद वाचून देणारा मास्तर, आणि त्यानं डबीत तीर्थ ओतलं, हे मला कुणालाही सांगायचं नव्हतं. पंधरा दिवसांनी मी अकोल्याला जाऊन ती चिठ्ठी आणली आणि पेन्शनच्या फायलीत खाली सरकवून ठेवली.

तो विचारायचा नाही. त्याचंच ते जुनं तत्त्व. वहिनी विचारायच्या. म्हणून मी सांगितलं की अकोल्यात नीट कळलं नाही, नमुना मुंबईला मोठ्या डॉक्टरांकडे पाठवला आहे, निकाल येईपर्यंत बुलढाण्याला जाऊन उपयोग नाही. हे ऐकून तो हरखला. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागला, मी नाही गेलो मुंबईले, पण माह्या पोटातला तुकडा जाऊन राह्यला. लोक हसायचे, तोही हसायचा. मी हसलो की नाही ते आता आठवत नाही. हसलो असेन.

लॅबचे फोन दुपारी येतात असं मी कधीतरी बोलून गेलो होतो. तेव्हापासून रोज दुपारी तो आंघोळ करायचा, लग्नाकार्याला घालायचा तो पांढरा सदरा घालायचा आणि ओट्यावर येऊन बसायचा. फोन आला तर तसंच निघता येईल म्हणून. वहिनींनी एक पिशवी भरून ठेवली होती, टॉवेल, ताट-वाटी, त्यांची दोन लुगडी. संध्याकाळी तो सदरा काढून घडी घालून ठेवायचा. त्या सदऱ्याला दररोज घड्या पडत गेल्या आणि तो त्यात दररोज थोडा थोडा कमी होत गेला. माझा फोन वाजला की त्याची मान वळायची. मी फोनचा आवाज बंद करून ठेवू लागलो. मग तो विचारू लागला, मास्तर, फोन बिघडला का रे?

त्याच्या डाव्या हातावर कोपराखाली लिंबाएवढी चरबीची गाठ होती, तीस वर्षांची. पूर्वी तिच्याकडे त्याचं लक्षही नसे. आता तो येईल त्याला ती दाबून बघायला लावायचा. पहा, हेही गाठच आहे का नाही, हिनं काही केलं का मले? लोक दाबून बघायचे आणि म्हणायचे, खरंच, काही नाही. माझ्याही बोटांना त्यानं ती किती वेळा लावली. ती मऊ होती आणि बोटाखालून सरकायची.

कंपनीचा सुपरवायझर पावसाळी हंगामाचं विचारायला आला. काकडी घ्यायची की मिरची. त्यानं सांगितलं, रिपोर्ट येऊ दे. ट्रेमधली रोपं लावणीला आली होती. ती वाढत गेली, दाटीनं एकमेकांवर चढली, बुडातून पिवळी पडली. ज्या माणसानं एक रोप एक दिवस जास्त राहू दिलं नसतं, तो त्यांच्या शेजारून जाताना तिकडे बघायचा नाही. शेवटी वहिनींनी ते ट्रे उचलून बांधावर ओतले. सुपरवायझर दुसऱ्यांदा आलाच नाही.

त्या सुमाराला एके दुपारी तो मला म्हणाला, जरा अंदर चाल. वहिनी वावरात गेल्या होत्या. आत गेल्यावर तो बाजेवर बसला. त्याला आता दूधही घोट घोट घ्यावं लागे, आणि एका घोटानंतर तो बराच वेळ थांबायचा, उतरला की नाही ते ऐकत असल्यासारखा.

"मास्तर, तुले काही समजलं असंन तर सांगजो. वाईट असलं तरी सांगजो."

मी म्हणालो, मला काही समजलं नाही.

"माल नापास झाला तर नांगर घालून मोकळं होता येते. पास झाला त दुसरं पीक धरता येते. पण निकालच नाही आला त म्या वावरात का करू? सांग. तू मास्तर आहेस. पेरू का नको पेरू?"

मी म्हणालो, येईल, आता येईलच.

"मले मरणाचं भेव नाही वाटत. मले हे रोज सदरा घालाचं भेव वाटते."

असं म्हणून तो रडला. त्याला रडताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, मुलीच्या लग्नातही नाही. माझ्या तोंडात सगळं आलं होतं. डबी, तीर्थ, चिठ्ठी. तेवढ्यात वहिनींच्या बांगड्यांचा आवाज आला आणि त्यानं तोंड पुसलं. मला सुटल्यासारखं वाटलं. खरं लिहितो, मला सुटल्यासारखं वाटलं.

पोळ्याला मुलगा पुण्याहून आला. बापाला बघून तो ओट्याच्या पायरीवरच थांबला. दुसऱ्याच दिवशी गाडी करून त्याला औरंगाबादला मोठ्या हॉस्पिटलात घेऊन गेला. मलाही नेलं, कारण कागदपत्रांची माहिती मला होती. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, आधीचा रिपोर्ट कुठे आहे? मुलानं माझ्याकडे पाहिलं. वहिनींनी पाहिलं. त्यानंही, स्ट्रेचरवरून, मान वळवून पाहिलं. मी म्हणालो, लॅबवाल्यांनी नमुना हरवला.

मुलगा तिथेच संतापला. लॅबला काय काय म्हणाला ते लिहीत नाही. हॉस्पिटलात धावपळ नसती तर तो अकोल्याला भांडायला गेला असता. पुढे गावात ही गोष्ट फिरली. काही लोकांनी त्या लॅबमध्ये जाणं सोडलं. तिथून फोनवर बोललेली मुलगी माझ्याशी सर म्हणून बोलली होती. तिचं, त्या लॅबचं, काहीही चुकलेलं नव्हतं.

तिथे त्याची पुन्हा दुर्बीण झाली. मी बाहेर बाकावर कान झाकून बसलो होतो. आतून काहीच आवाज आला नाही. मुलगा बाहेर येऊन म्हणाला, बाबा काही बोलले नाहीत, डॉक्टरांनी तोंड उघडा म्हटलं, त्यांनी उघडलं. एवढंच. म्हणजे मी त्याला तीन महिने ज्याच्यापासून वाचवत होतो ते त्यानं मागितल्याबरोबर दिलं असतं.

चार दिवसांत रिपोर्ट आला. कॅन्सर होता. यकृतापर्यंत गेला होता. ऑपरेशन करण्यासारखं नाही म्हणाले. मुलानं त्याला सांगितलं तेव्हा मी खोलीत होतो. तो ऐकून घेऊन म्हणाला, "हाव? बरं." आणि वहिनींना म्हणाला, घरी चाल, शेडनेट फाटलं आहे तेवढं शिवून घेतो. त्या रात्री तो गाढ झोपला असं वहिनी नंतर सांगत होत्या. कितीतरी दिवसांनी झोपले, म्हणाल्या.

त्या तीन महिन्यांनी काही फरक पडला असता का? एका ओळखीच्या डॉक्टरांना मी हे दुसऱ्याच कुणाचं म्हणून विचारलं. ते म्हणाले, पडलाही असता, नसताही, आता सांगता येत नाही. मी पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं.

शेवटी त्याच्या नाकात नळी होती आणि बोलणं कुजबुजीएवढं राहिलं होतं. मी रोज जाऊन बसायचो. एकदा त्यानं माझा हात धरला आणि काहीतरी म्हणाला. मी कान जवळ नेला. "लय धावला तू माह्यासाठी," असं तो म्हणत होता. मी तेव्हाही काही बोललो नाही. मरणाऱ्या माणसाला कशाला, असं मनाशी म्हटलं. जिवंत होता तेव्हाही असंच काहीतरी म्हटलं होतं. थंडी सुरू झाली त्या आठवड्यात तो गेला. शेडनेट अर्धंच शिवून झालं होतं. फाटका भाग वाऱ्यानं अजून आपटतो, माझ्या घरात ऐकू येतो.

मागच्या महिन्यात मी फाईल काढली आणि ती चिठ्ठी घेऊन वहिनींकडे गेलो. त्या ओट्यावर मिरच्यांची देठं खुडत बसल्या होत्या. या गुरुजी, म्हणाल्या आणि सरकून जागा केली. मी कागद त्यांच्या हातात दिला. त्यांना वाचता येत नाही. त्यांनी तो उलटसुलट करून बघितला आणि मला परत दिला, तुमीच वाचा म्हणून. त्यांच्या घरातला प्रत्येक कागद मीच वाचत आलो आहे.

कागद इंग्रजीत होता. मी मराठीत सांगितला, एकही शब्द गाळला नाही. वर तारीख होती, तीही वाचली. मग शेगाव सांगितलं, डबी सांगितली, तीर्थ सांगितलं, कडुनिंबाच्या पलीकडे घेतलेला फोन सांगितला. त्या मिरच्या खुडत होत्या. मी तीर्थाचं सांगितलं तेव्हा हात थांबला नाही. मुंबईचं सांगितलं तेव्हा थांबला.

त्या हातातल्या देठाकडे बघत होत्या. मनाशी काहीतरी जुळवत होत्या.

"म्हणजे तो फोन येऊन गेलता," त्या म्हणाल्या.

मी हो म्हणालो.

"मंग ते कशाची वाट पाहून राह्यले होते, गुरुजी?"

मी चिठ्ठीची घडी घालू लागलो. त्यांनी मिरच्यांचं सूप उचललं आणि त्या आत गेल्या. मला वाटलं, नेहमीसारखा चहा ठेवायला गेल्या. मी बसून राहिलो. ओट्यावरचं ऊन सरकत पायरीपाशी गेलं, तिथून अंगणात उतरलं. मग आतून हळूच कडी लावल्याचा आवाज आला.